त्यांचंच ताट, त्यांचीच रीत : लॅटिनो मुलांच्या आरोग्यासाठी आपण काय करू शकतो

अमेरिकेतल्या मराठी मंडळींत डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ, शिक्षिका आणि शाळेत स्वयंसेवक म्हणून जाणारे पालक बरेच आहेत. टेक्सास, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, इलिनॉय अशा ज्या राज्यांत मराठी कुटुंबं स्थिरावली, तिथेच लॅटिनो कुटुंबांचीही मोठी वस्ती आहे. २०२० च्या जनगणनेप्रमाणे अमेरिकेत ६ कोटी २१ लाख लॅटिनो राहतात, म्हणजे जवळजवळ दर पाच माणसांत एक. दवाखान्यात आपल्यासमोर बसलेलं, वर्गात आपल्याकडे बघणारं किंवा शेजारच्या अंगणात चेंडू मारणारं मूल लॅटिनो असणं ही रोजची गोष्ट आहे. हा लेख अशा मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी रोजचा संबंध येणाऱ्या वाचकांसाठी आहे.

या मुलांच्या तब्येतीची काळजी वाटावी अशी परिस्थिती आहे. अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राने (सीडीसी) २०१७ ते २०२० या काळात केलेल्या पाहणीत २ ते १९ वर्षांच्या मुलांपैकी १९.७ टक्के मुलं स्थूल आढळली. लॅटिनो मुलांत हे प्रमाण २६.२ टक्के होतं, गोऱ्या मुलांत १६.६ टक्के. पुढच्या आयुष्यात टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता अमेरिकेतल्या सर्वसाधारण प्रौढाला ४० टक्के आहे. लॅटिनो प्रौढाला ती ५० टक्क्यांहून जास्त आहे. मधुमेह घराघरांत कसा शिरतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

मदत करायला निघालेला माणूस बहुतेक वेळा पहिली चूक इथेच करतो. तो ब्रोकोली, क्विनोआ आणि ग्रीक दह्याची यादी हातात ठेवतो. समोरची आई मान हलवते, कागद पर्समध्ये घालते आणि पुन्हा त्या दवाखान्यात यायचं टाळते. माझं म्हणणं एवढंच आहे : या कुटुंबांना नवं खाणं शिकवायला जाऊ नका. त्यांच्या स्वयंपाकघरात मुळात जे उत्तम आहे ते ओळखा, त्याला बळ द्या, आणि नंतर त्यात घुसलेल्या गोष्टी एकेक करून कमी करायला हात द्या.

आधी घर कुठलं ते विचारा

'लॅटिनो' या एका नावाखाली वीसेक देश येतात. मेक्सिकन घरात मक्याची तोर्तिया आणि घेवड्याच्या दाण्यांचे फ्रिहोलेस असतात. एल साल्वादोरच्या घरात सारण भरलेली जाड पुपुसा आणि तिच्यासोबत कुर्तिदो, म्हणजे आंबवलेल्या कोबीचं तोंडीलावणं. प्वेर्तो रिकोच्या घरात कांदा, मिरची, लसूण आणि कोथिंबिरीसारखी पानं वाटून केलेल्या सोफ्रितोच्या वाटणात शिजलेला भात. डॉमिनिकन घरात सकाळी हिरव्या केळ्यांचा कुस्करा, मांगू. क्युबन, कोलंबियन, पेरुव्हियन घरांची तऱ्हा आणखी वेगळी.

आरोग्याचं चित्रही एकसारखं नाही. ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो इथल्या १६,४१५ लॅटिनो प्रौढांचा एक मोठा अभ्यास २००८ ते २०११ या काळात सुरू झाला. त्यात दक्षिण अमेरिकी देशांतून आलेल्यांमध्ये मधुमेहाचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास निघालं, तर मेक्सिकन लोकांत १८ टक्क्यांच्या. त्यामुळे सगळ्यांना एकच पत्रक वाटून काम भागत नाही.

सुरुवात प्रश्नाने करावी. "रविवारी तुमच्याकडे काय शिजतं?", "तुमच्या आईच्या हातचं काय आठवतं?" असं विचारलं की माणसं मोकळी होतात आणि दहा मिनिटांत आपल्याला त्या घराचा स्वयंपाक कळतो. वयस्क बाईंना नावाआधी 'दोन्या' आणि पुरुषांना 'दोन' लावून बोलावं, त्यांच्याशी बोलताना स्पॅनिशमधलं आदरार्थी 'उस्तेद' वापरावं. मराठीत आपण 'अहो' म्हणतो, तितकंच ते गरजेचं आहे. आणि कागदपत्रं, व्हिसा, कोण कधी आलं, हे विषय आपण होऊन कधीही काढू नयेत.

त्या ताटात काय चांगलं आहे

मराठी वाचकाला हे ताट परकं वाटायचं कारण नाही. मका, मिरची, टोमॅटो, पेरू, पपई, चिकू, सीताफळ यांचं मूळ घर अमेरिका खंडात आहे. मिरची, पेरू, पपई हे सारं पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागलं आणि गोव्या-कोकणात रुळलं. प्वेर्तो रिकोमध्ये नाताळात भातात घालतात ते गांदुलेस म्हणजे आपल्या तुरीचे हिरवे दाणे. मेक्सिकोतली आलेग्रिया म्हणजे लाह्या केलेला राजगिरा मधात किंवा तिकडच्या गुळात घोळवून थापलेली वडी. उपासाची राजगिऱ्याची वडी खाल्लेल्या माणसाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही.

या स्वयंपाकाचा कणा म्हणजे मका आणि कडधान्य. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत मका नुसता दळत नाहीत. आधी तो चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर मुरवतात, धुतात आणि मग वाटतात. त्याने मक्यात कॅल्शियम वाढतं आणि त्यातलं नायासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. मका पुढे युरोपात आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात गेला, पण ही रीत सोबत गेली नाही. तिथे मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. एवढं शहाणपण ज्या तोर्तियात आहे, ती 'सोडून द्या' असं सांगणं हा अन्याय आहे. मैद्याची, चरबी घातलेली मोठी तोर्तिया कमी करून मक्याची लहान तोर्तिया वाढवा, असं सांगावं.

फ्रिहोलेस साध्या पाण्यात, कांदा-लसूण घालून शिजवले तर त्यांच्याइतकं स्वस्त आणि पौष्टिक अन्न क्वचितच मिळेल. तेच डुकराच्या चरबीत परतून घोटले की जड होतात. त्या जागी थोडं तेल पुरतं. फड्या निवडुंगाची कोवळी पानं (नोपालेस) काटे काढून, भाजून भाजीसारखी खातात. तंतुमय पदार्थांनी ती भरलेली असतात. कच्चा टोमॅटो, कांदा, मिरची आणि लिंबाची पिको दे गायो म्हणजे आपली कोशिंबीरच. पपई, आंबा, काकडी आणि हिकामा नावाचा कुरकुरीत, पाणीदार कंद यांच्या फोडींवर लिंबू पिळून तिखट भुरभुरवतात. हा खाऊ मुलं आवडीने खातात.

मग बिघडतं कुठे? अनेक अभ्यासांत दिसतं की नुकत्याच आलेल्या पिढीच्या जेवणात कडधान्य, फळं आणि भाज्या जास्त असतात. अमेरिकेत जसजशी वर्षं जातात आणि मुलं इथेच वाढतात, तसतशी त्यांची जागा सोडा, तळलेल्या वस्तू आणि पाकिटातला खाऊ घेतात. दोन-दोन ठिकाणी काम करणाऱ्या आईबापांना तासभर फ्रिहोलेस शिजवायला वेळ मिळत नाही, वस्तीत ताजी भाजी मिळणारं दुकान लांब असतं आणि घराखालच्या छोट्या दुकानात चिप्सची रांग दारातच असते. हा दोष कुटुंबाच्या माथी मारू नये.

पहिलं काम : पेयं

एकाच गोष्टीने सुरुवात करायची असेल तर पेयांनी करा. ३५५ मिलीलिटरच्या कोलाच्या एका डब्यात ३९ ग्रॅम साखर असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मते २ ते १८ वर्षांच्या मुलाने दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. एका डब्यातच ती मर्यादा ओलांडली जाते. फळांच्या रसाबाबतही अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे : वर्षाखालच्या बाळाला रस देऊ नये, १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर १२० मिलीलिटर, आणि मोठ्या मुलांनाही एका पेल्यापेक्षा जास्त नको.

पण 'फक्त पाणी प्या' एवढं सांगून घर बदलत नाही, कारण या घरांत जेवणासोबत आग्वा फ्रेस्का, म्हणजे घरगुती सरबत, करायची जुनी पद्धत आहे. त्याच पद्धतीचा उपयोग करा. हामाइकाचं उदाहरण घ्या. हामाइका म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडाभोवतीच्या सुकवलेल्या पाकळ्या. मूठभर पाकळ्या लिटरभर पाण्यात दहा मिनिटं उकळायच्या, गाळायच्या, आणखी लिटरभर थंड पाणी घालायचं. माणकासारखं लाल, आंबटगोड सरबत तयार होतं. पुष्कळ घरांत या दोन लिटरला कपभर साखर पडते. कपात साधारण २०० ग्रॅम साखर मावते आणि दोन लिटरचे आठ पेले होतात, म्हणजे प्रत्येक पेल्यात २५ ग्रॅम. मुलाचा दिवसाचा सगळा वाटा एका पेल्यात संपला.

आईसोबत ओट्याशी उभं राहून हाच हिशेब करा. तो तिला पटकन पटतो. पहिल्या आठवड्यात कपभराऐवजी पाऊण कप. दोन आठवड्यांनी अर्धा. महिन्याने पाव. साखर कमी करताना दालचिनीचा तुकडा, संत्र्याच्या चकत्या किंवा लिंबू घालावं, म्हणजे चव पोकळ वाटत नाही. जिभेला सवय लागायला वेळ द्यावा लागतो, म्हणून एकदम साखर बंद करू नये. चिंचेच्या आणि काकडी-लिंबाच्या आग्वालाही हाच नियम लागू करता येतो. तांदूळ भिजवून, वाटून केलेल्या ओर्चातात साखर जास्त असते. ती सणावारापुरती ठेवलेली बरी.

आणखी एक अडचण बाहेरच्याला दिसत नाही. अनेक कुटुंबं नळाचं पाणी पीत नाहीत. ज्या गावातून आली तिथलं पाणी धड नव्हतं, म्हणून इथेही ती बाटल्या विकत आणतात किंवा सोडा पितात. या भीतीला हसू नका. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतल्या काही शेतमजूर वस्त्यांत पाण्यात नायट्रेट आणि आर्सेनिक खरोखरच सापडलं आहे. गावाच्या पाणीपुरवठा खात्याचा वार्षिक गुणवत्ता अहवाल मिळवून वाचून दाखवा. पाणी चांगलं असेल तर गाळणीचा जग घ्यायला सुचवा, मुलाच्या दप्तरात बाटली असू द्या, आणि शाळेत बाटली भरायचा नळ नसेल तर मुख्याध्यापकांकडे मागणी करा.

साखरेच्या पेयांविरुद्धची लढाई अमेरिकेने लॅटिन देशांना शिकवलेली नाही, उलट तेच पुढे आहेत. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला आणि त्या वर्षी अशा पेयांची खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली. चिलीने २०१६ मध्ये आणि मेक्सिकोने २०२० मध्ये जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या पाकिटांवर काळ्या अष्टकोनी पट्ट्या सक्तीच्या केल्या. पालकांशी बोलताना हे जरूर सांगा. आपल्या देशाने हे करून दाखवलं, याचा अभिमान त्यांना उपयोगी पडतो.

ताटातले छोटे बदल

एका वेळी एकच बदल सुचवा आणि तो पदार्थाच्या आत असू द्या. भात आणि फ्रिहोलेस असतील तर भात एक डाव कमी, फ्रिहोलेस एक डाव जास्त. केळी तळण्याऐवजी उकडून किंवा भट्टीत भाजून. मांसाच्या सारणात निम्मं मांस काढून चिरलेली भाजी किंवा कडधान्य. तिखट, लालभडक पाकिटबंद चिप्स मुलांना तिखट-आंबट चवीसाठी हव्या असतात. तीच चव हिकामा-लिंबू-तिखटाच्या फोडींत मिळते, म्हणून शाळेतून आल्यावर त्या फोडी समोर तयार असाव्यात. सकाळच्या गोड पावाऐवजी तोर्तियात अंडं आणि फ्रिहोलेस गुंडाळून दिले तर मूल दुपारपर्यंत टिकतं.

रविवारी कुकरमध्ये फ्रिहोलेसचं मोठं भांडं लावून आठवड्याचे वाटे फ्रीजरमध्ये ठेवणं, हा वेळेच्या अडचणीवरचा सगळ्यात सोपा उपाय आहे. कडधान्य भिजत घालण्यात आणि कुकरच्या शिट्ट्यांचा अंदाज घेण्यात मराठी घरं तरबेज असतात. इथे आपलं कौशल्य खरंच उपयोगी पडतं.

सणाच्या ताटाला मात्र हात लावू नका. नाताळचे तमालेस, मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाची मेजवानी हे त्या घराचे आनंद आहेत. प्रश्न वर्षातल्या त्या चार दिवसांचा नाही, रोजच्या जेवणाचा आहे.

आजीला सोबत घ्या

बऱ्याच लॅटिनो घरांत मुलं दिवसभर आबुएलाकडे, म्हणजे आजीकडे असतात. तिने अन्नाची चणचण पाहिलेली असते. गुबगुबीत मूल म्हणजे निरोगी मूल, आणि पुन्हा वाढणं म्हणजे माया, ही तिची धारणा अनुभवातून आलेली आहे. तिला चूक ठरवून आईला सूचना दिल्या तर घरात तंटा होतो आणि सूचना तशाच राहतात. म्हणून आजीला दवाखान्यात, शाळेच्या बैठकीत मुद्दाम बोलवा आणि तिच्याकडेच मदत मागा : "तुम्ही लहान असताना घरी काय शिजायचं, ते या मुलाला करून खाऊ घालाल का?" जुन्या चवीची राखणदार म्हणून ती या कामात सगळ्यात भक्कम साथीदार ठरते.

मुलासमोर त्याच्या वजनाबद्दल बोलू नये आणि भावंडांशी तुलना करू नये. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली विभागणी या घरांतही चालते : काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं हे मुलाने. ताट पुसून स्वच्छ करायची सक्ती थांबली की मूल स्वतःची भूक ओळखायला लागतं. बदल सगळ्या घराने करायचा. एका मुलाला वेगळं ताट आणि बाकीच्यांना सोडा, असं कधीच होऊ देऊ नये.

डॉक्टर आणि शिक्षकांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावं : मुलाला दुभाषा करू नका. दहा वर्षांच्या मुलीने स्वतःच्याच वजनाबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते आईला सांगायचं, हे तिच्यावर फार मोठं ओझं आहे. दवाखान्याने दुभाषा द्यावा, हा रुग्णाचा हक्क आहे.

हालचाल : जिममध्ये नाही, गल्लीत

सहा ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज किमान ६० मिनिटं हालचाल हवी आणि लहान वयाच्या मुलांना दिवसभर खेळायला मोकळीक हवी. अडथळा इच्छेचा क्वचितच असतो. बाग लांब असते किंवा सुरक्षित नसते, रस्त्यावर भरधाव गाड्या असतात, आईबाप रात्रपाळीहून आलेले असतात. दिवसभर स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या बाईला 'रोज अर्धा तास चाला' असं सांगणं योग्य नाही. तिच्या मुलाला सुरक्षित मैदान मिळवून देणं, हे आपलं काम आहे.

त्यासाठी शाळेचं मैदान सगळ्यात जवळ असतं. अनेक वस्त्यांत शाळा सुटली की फाटकाला कुलूप लागतं. शाळा आणि नगरपालिका यांच्यात करार करून ते मैदान संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी उघडं ठेवता येतं. पालक सभेत ही मागणी लावून धरायला स्वयंसेवक लागतात. मुलांना शाळेत सोडण्यासाठी चार-पाच घरांनी पाळीपाळीने चालत घेऊन जाण्याची पद्धतही वस्तीत सुरू करता येते.

नृत्य तर या घरांत रक्तातच आहे. कुंबिया लावली की आजीपासून नातवापर्यंत सगळे नाचतात; पोटऱ्या दुखेपर्यंत नाचलेला अर्धा तास हा व्यायामच आहे. शाळेत फोल्क्लोरिको नृत्याचा वर्ग, मुलींसाठी फुटबॉलचा वेगळा संघ यांना पाठिंबा द्या. कोलंबियातल्या बोगोता शहरात १९७४ पासून सिक्लोव्हिया भरते : दर रविवारी सकाळी ७ ते दुपारी २ पर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद आणि माणसांना खुले. त्यावरूनच १० ऑक्टोबर २०१० रोजी लॉस एंजेलिसमध्ये सिकलाव्हिया सुरू झाली. आपल्या शहरात असा दिवस असेल तर शेजारच्या कुटुंबाला सोबत घेऊन जा.

झोपेचाही यात वाटा आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला रात्री ९ ते १२ तास झोप हवी, आणि फोन व टीव्ही झोपायच्या खोलीबाहेर हवा.

मदत कुठे मिळते

गरोदर आणि बाळंत स्त्रिया, तान्ही बाळं आणि पाच वर्षांखालची मुलं यांच्यासाठी 'विक' ही सरकारी पोषण योजना आहे. २००९ मध्ये तिच्या यादीत फळं, भाज्या आणि मक्याच्या तोर्तियाही आल्या. कॅलिफोर्नियात २०२२-२३ पासून सरकारी शाळांत सर्व मुलांना नाश्ता आणि जेवण मोफत मिळतं. तिथल्या अनेक शेतकरी बाजारांत 'मार्केट मॅच'मुळे अन्नसाहाय्याच्या पैशांत फळं-भाज्या घेतल्या की ठरावीक मर्यादेपर्यंत तेवढ्याच रकमेची भर मिळते. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो इथल्या विद्यापीठातून चालणारा 'सालुद अमेरिका' हा उपक्रम लॅटिनो मुलांच्या आरोग्याविषयीची माहिती आणि कृतीची साधनं मोफत पुरवतो.

अनेक स्थलांतरित कुटुंबं सरकारी मदत घ्यायला घाबरतात. मदत घेतली तर आपल्या कागदपत्रांवर परिणाम होईल, अशी धास्ती असते. हे नियम बदलत असतात. म्हणून स्वतः कायद्याचा सल्ला देऊ नका. गावातल्या मोफत कायदेशीर मदत केंद्राचा पत्ता हाताशी ठेवा आणि तिथे पाठवा. आणि जे काही कराल ते प्रोमोतोरांना सोबत घेऊन करा. प्रोमोतोरा म्हणजे त्याच वस्तीतल्या, त्याच भाषेतल्या आरोग्यसेविका. त्यांच्या शब्दावर घराचं दार उघडतं.

प्रगती मोजताना वजनाचा काटा बाजूला ठेवा. वाढत्या मुलाचं वजन डॉक्टर पाहतील. तुम्ही तीन गोष्टी विचारा : या आठवड्यात सोडा किती वेळा प्यायला गेला, घर किती वेळा एकत्र जेवलं आणि मूल किती दिवस बाहेर खेळलं. यातली एक जरी सुधारली तरी मनापासून कौतुक करा आणि मग पुढच्या बदलाकडे वळा. सुरुवात या आठवड्यात करता येईल : तुमच्या ओळखीच्या एका लॅटिनो आईला तिच्या घरचा एखादा पदार्थ विचारा, तो तिच्याकडून शिका आणि आग्वामधली साखर कमी करण्याची गोष्ट त्या ओघात काढा. जिच्याकडून आपण आधी काही शिकलो, ती आई आपलंही ऐकते.